तळटीप एक्काहत्तर

घणसोलीत, नोडच्या आणि गावठाणाच्या मधल्या रस्त्यावर
माझं टायपिंगचं दुकान.
शेजारी हर्षलाचं ब्लाउजचं. तिचं मशीन
माझ्या भिंतीतून दिवसभर ऐकू येतं.

केणी मास्तर दोन वह्या घेऊन आले.
खाडीकाठच्या मिठागरांची हकिगत.
म्हणाले, वरचं एकवेळ चुकलं तर चालेल,
खालचं चुकवू नकोस.

खालचं म्हणजे तळटिपा, एकशे बारा.
वर केसाएवढी रेघ, मग आठ पॉइंटाचं अक्षर.
रेघेच्या वर मास्तर लिहितात : जमीन रीतसर संपादित झाली.
रेघेखाली : पावती लेखकाने पाहिली आहे.
अंगठा डाव्या हाताचा.
उजव्यात, नातू सांगतो, फावडं होतं.

तत्रैव हा शब्द मला नवा.
म्हणजे तिथेच, मास्तर म्हणाले,
तीच जागा, पुन्हा लिहायला नको.
मी टाइप करत गेलो. तत्रैव. तत्रैव, पृष्ठ नऊ.
ज्या जागेबद्दल चाललं होतं
तिथे मी स्कूटर लावतो.

दुसरी वही दुकानातल्या पोरीने टाइप केली.
मी नुसतं मार्जिन बघितलं.

प्रकाशक नौपाड्यातला. फोनवर म्हणाला,
टिपा उडवा, एक फॉर्म वाचतो,
सोळा पानं, कागदाचे भाव बघा जरा.
आणि वाचक काही खाली बघत नाही हो.

हर्षलाला सांगितलं. तिच्या दातात दोरा होता.
टीप उसवली की अस्तर लोंबतं, म्हणाली.
ती शिवणाचं बोलत होती,
मी तिला दुरुस्त केलं नाही.

तरी बसलोच उडवायला. बिल प्रकाशक देणार होता.
डिलीट मारलं की वरचा बारका आकडाही जातो,
वाक्य दार लोटून घेतं,
आत कुणी होतं याचा पत्ता लागत नाही.
तीस गेल्या. पन्नास गेल्या.
चहा आला, गार झाला.
पानावर एवढंच होतं :
पाट्या वाहण्याचे काम बायका करीत.*
तिथे थांबलो.

मग सत्तर वेळा मागे.
एकेक टीप खालून वर आली, भरतीच्या पाण्यासारखी,
आणि आपापल्या आकड्याखाली जाऊन बसली.
रात्री सगळ्यांचा टाइप सहा पॉइंट केला.
फॉर्म वाचला. प्रकाशक खूश.
भिंगाशिवाय वाचता येणार नाही कुणाला.
मास्तर रागावतील, रागावू देत.

घरी आलो तर आई मालिका बघत होती,
पाय स्टुलावर.
दोन्ही टाचांना बारीक रेघा,
केसाएवढ्या.
मी इतक्या वर्षांत
कधी रेघेखाली बघितलं नव्हतं.

काय बघतोस, म्हणाली.
म्हटलं, काही नाही, आवाज कमी कर थोडा.
करंजेल तेलाची बाटली
स्टुलाखाली होती. नेहमीच असते.


———

* ७१. माहिती : श्रीमती यमुना नामदेव मढवी, वय ६८, रा. तळवली. अकराव्या वर्षापासून लग्नापर्यंत मिठाच्या पाट्या वाहिल्या; मजुरी पाटीवर, मोजदाद मुकादमाची. मुलाला कळवू नये अशी त्यांची विनंती आहे. तो कॉम्प्युटरवर काम करतो.