वाजवून घेतलेली कौलं

वादळ इथवर आलं ते दमून.
चोर्ल्याच्या घाटात झाडं आडवी पाडून,
कणकुंबीत तारा तोडून
खानापुरात नुसता रात्रभर वारा-पाऊस,
आणि सकाळी आमच्या भट्टीवरचा पत्रा
मलप्रभेच्या काठी, कुणाच्या तरी उसात.

एवढंच नुकसान.
तिसऱ्या दिवशी फोन लागला
तेव्हा सांगायचीही लाज वाटली.

द्रौपदा रडली नाही.
एकोणीस वर्षं तेरेखोलच्या मुखाशी नांदते,
बोली अजून आमचीच:
"वर बघितलं की आभाळच हाय बग.
पोरं निजली की चांदण्या मोजत बसतो."
मी विचारलं, "किती कौलं गेली?"
कौलाच्या कारखान्यातल्या बाईला
दुसरं काय सुचणार.
"अठराशे होती. दोनशे ऱ्हायली असतील.
न्हाय, शंभर धर."

मग ट्रक लागले, फाटकापासून रेल्वे फाटकापर्यंत.
गोव्याचे, वेंगुर्ल्याचे, कारवारकडचे.
हमाल कानडीत मोजतो, वंदु, एरडु, मूरु,
मी मराठीत त्याच्या मागोमाग,
छाप इंग्रजीतला.
संध्याकाळी बेरीज जुळते.

माझं काम ऐकायचं.
कौल डाव्या तळव्यावर तोलायचं,
उजव्या हाताच्या पेराने मारायचं.
नीट भाजलेलं टण्ण म्हणतं,
बारीक चीर असली
तर ओल्या लाकडागत डब्ब.
डब्ब डावीकडं, टण्ण गाडीत.
बावीस वर्षं. पेराला घट्टा पडलाय,
अंगठी चढत नाही.

शेट म्हणाले, "ह्या आठवड्यात सगळी जातील, भागव्वा.
डोक्यावर पाऊस असताना
कोण कान लावून बसतंय?"
मी काही बोलले नाही.
डावीकडचा ढीग वाढवत राहिले.
त्यांनी ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं
आणि चहा प्यायला आत गेले.

सकाळी तो ढीग निम्मा होता.

द्रौपदाच्या गाडीतलं एकेक कौल
मी दोनदा वाजवलं.
सतराशे, वर पन्नास फुटीला.
मल्लेशी ड्रायव्हर हसला,
"अक्का, तू काय घुमट वाजवायलीस की काय?"
बाकीच्या गाड्यांत काय चढलं
ते मी बघितलं नाही.
म्हणजे, बघितलं.
आल्दोण्याच्या एका म्हाताऱ्याने
पैसे मोजताना मला विचारलंही होतं,
"बाई, बरीं मूं?"
मी मान हलवली.
कशी हलवली, आडवी की उभी,
ते आता माझं मलाच आठवत नाही.

पाचव्या दिवशी मल्लेशी परतला.
घाटात अजून एकेरी वाट,
दोन्हीकडचे पोलीस दोन भाषांत तेच विचारतात,
काय भरलंय?
"छप्पर," म्हणून सांगितलं म्हणे त्याने.

द्रौपदाने सुकं धाडलं नाही,
दरवर्षी धाडते.
डब्यासकट खाडीत गेलं.
वर्तमानपत्रात गुंडाळून
एक अर्धं कौल धाडलं,
जुनं, काळं पडलेलं, शेवाळाची एक रेघ.
छाप आमचाच.
आम्ही दोघी साच्यावर होतो त्या सालचा,
तिचं लग्न ठरायच्या आधीचा.

पालथं केलं.
कच्चं कौल फळीवर उचलताना
दाबला गेलेला एक अंगठा.
माझा ठेवून बघितला, लहान पडला.
म्हणजे कौलातला लहान.
भट्टीत माती आकसते,
तिच्यावर उमटलेलं बोटही आकसतं.
तेव्हा तो तिचा असेल, माझा असेल,
किंवा रखमव्वाचा, जी पुढच्याच साली गेली.
सतराशे बायकांचाही असू शकेल.

वाजवून बघितलं, उगाच, अर्धं असून.
टण्ण म्हणालं.

रात्री फोन केला.
"बसवली काय?"
"बसवली. दोन वळी ऱ्हायल्यात,
वाशे मिळत न्हाईत. आज पडला हिकडं."
"गळलं?"
"थांब," म्हणाली,
आणि फोन वर धरला असणार,
कारण बराच वेळ
मला नुसता कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.
मी कान लावून ऐकला.
सवयीने, एकेक.

दुसऱ्या दिवशी कामावर
डावीकडचा ढीग
मी फोडून घातला.
शेट अजून काही बोलले नाहीत.