कुंपणाच्या कामावर

टोमॅटोच्या शेतावर मला नऊ वर्षं झाली होती.
मग मुकादमाने एके सकाळी बोटांवर हिशोब मांडला:
माशुदू, तुझ्या एकट्याच्या रोजात नदीपलीकडचे दोघे येतात,
आणि ते आजारी पडत नाहीत.
पडतात. सांगत नाहीत.

तेव्हापासून डोकं तापलेलं.
दवाखान्यात गेलो तर रांग गोरखचिंचेपर्यंत,
नर्स म्हणते गोळ्या संपल्या, सोमवारी या.
नळाला पाणी दिवसाआड, तेही गढूळ.
पोरीच्या वर्गात एका बाकावर चौघी.
सगळ्याचं एकच उत्तर होतं माझ्याकडे,
आणि ते रात्री लिंपोपो ओलांडून यायचं,
चपला हातात घेऊन.

निवडणुकीआधी नगरसेवक ट्रकवर उभा राहिला.
म्हणाला, तुमच्या ताटातलं कोण खातंय मला ठाऊक आहे.
आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही, तळवे हुळहुळेपर्यंत.
तांब्याची खाण बंद पडली तेव्हा तुम्ही कुठे होता
हे विचारायचं राहून गेलं.
खाण गेल्यावर वर्षभर माझा बाप
रोज पाचला उठून शिट्टीची वाट बघत बसायचा.
ती शिट्टी काही पलीकडच्यांनी चोरली नव्हती.

ट्रकवरून त्याने कुंपण कबूल केलं, आणि कुंपण आलं.
कंत्राट मेहुण्याला.
मला काम मिळालं: पक्कड, हातमोजे, पिवळी टोपी.
रोफिवाने त्या रात्री कोंबडी शिजवली.

तार ओढायला जोडीला दिला तो फातुवानी.
बोलेना. दुपारी पाणी मागितलं तेव्हा
शब्द माझ्याच घरातला निघाला, फक्त हेल वेगळा.
कुठला, म्हटलं. त्याने पकडीनेच दाखवलं:
तारेच्या पलीकडे, वाळूच्याही पलीकडे.
"मंगळवारी आलो. साहेबच आले होते न्यायला, गाडी घेऊन."

म्हणजे ज्याला अडवायला तार
त्यालाच तार ओढायला आणलेला.
कुंपण शेत खातं असं ऐकून होतो,
हे तर पेरणीआधीच पानावर बसलेलं.

मी चिडलो. त्याच्यावरच चिडलो, हाताशी तोच होता.
विचारलं, तुला किती देतो? त्याने आकडा सांगितला.
मग माझा विचारला. मी खोटा सांगितला,
कमी करून. का, ते अजून कळलेलं नाही.

तिकडे शिक्षक होता म्हणे. पगार हातात पडायचा
आणि दुकानापर्यंत चालत जाईतो निम्मा व्हायचा.
एका महिन्याला पाव, पुढच्या महिन्याला नुसता साबण.
शेवटी शाळेच्या खडूंचा डबा विकला आणि निघाला.
हे सांगताना तो हसला. मी नाही हसलो.
माझ्या पोरीच्या वर्गाला जानेवारीपासून शिक्षक नाही.

पगाराचा शुक्रवार. वाटप व्हायच्या तासभर आधी
पोलिसांची व्हॅन आली. नेमकी.
सतरा जण चढवले, काहींच्या हातात हातमोजे तसेच.
त्यांची पाकिटं मेहुण्याच्या गाडीतून उतरलीच नाहीत.
रस्त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या,
ट्रकसमोर वाजल्या होत्या तशाच.
मी पिवळी टोपी उगाच नीट करत राहिलो.

मला मिळाले. दोन दिवसांचे कापून.
"पुढच्या टप्प्याला ये," मेहुणा म्हणाला,
"पण रोज त्यांच्याइतकाच. परवडत नाही बाबा."

दोनशे बारा नंबरच्या खांबापाशी खालची एक तार
फातुवानीने ढिली बांधली होती.
मी पाहिलं होतं. बोललो नव्हतो.
रविवारी पक्कड घेऊन तिथे गेलो.
नदी कोरडी. वाळूत माकडांच्या पावलांमध्ये
एक चप्पल, डाव्या पायाची.
गुडघ्यांवर बसलो. हाताला सवय होतीच,
अर्धा पीळ दिलाही असेल.
तेवढ्यात रोफिवाचा फोन, नळाला पाणी आलंय, लवकर या,
आणि मी पक्कड तारेला तशीच लटकत ठेवून निघालो.