टाच

बाबांच्या टाचेमागची शीर सुंभासारखी जाड,
बूट कधी नीट चढला नाही.
बुबुळांभोवती दुधी कडं.
आई म्हणायची, माल्ते घराण्याची खूण आहे ती.
सागनेच्या गोठलेल्या खाडीवर
मासे धरायच्या भोकाशी ते वाकले,
वाकलेलेच राहिले. एकेचाळीस.

कुणी गलबतातून आलं असेल,
पेटीत बियाणं, माळ, अन् रक्तात हे.
माझ्या यकृताला दारं कमी;
चरबी उंबऱ्यावर ताटकळते,
मग नसांतच बिऱ्हाड थाटते.

मी ओदिल. बाबांहून बारा वर्षांनी मोठी झालेय.
रात्री गोळी, पंधरवड्याला पोटात सुई.
मांड्या ठणकतात. ठणकू देत.

नातवाच्या रिपोर्टचं पाकीट टेबलावर तसंच.
आधी त्याची टाच चाचपली.
मऊ.
या वयात मऊच असते, ठाऊक आहे.
झोपेत त्याने पाय ओढून घेतला.