सात नंबरची खोली

अंबाजोगाईच्या दवाखान्यात
मी दिवसभर लोकांना फुंकायला लावते.
"जोरात. अजून. अजून. सोडू नका."

बन्सीमामा परळी रोडवर काळीपिवळी चालवतात.
तीस वर्षांच्या सिगारेटी, दोन बोटं हळदीची.
फुंकले. रेघ जराशी चढली
अन् घाटात ब्रेक गेल्यासारखी खाली आली.

भाचा हसला. लातूरला क्लासला असतो.
खिशात पेनासारखं काहीतरी, त्याला आंब्याचा वास;
बाहेर झाडाला तर अजून मोहोरच.
"ताई, यात डांबर नाही. नुसती वाफ."

खरंय. डांबर नाही.
मामांपेक्षा कमीच, हेही असेल.
पण मामांच्या दुखण्याला फॉर्मवर छापील रकाना आहे.
तुझ्यापुढं मी
'इतर' वर खूण करते
आणि पेन तसंच धरून बसते.

"बस, तूबी फुंक."
त्याची रेघ उंच आली, भरदार.
मामांनी तो कागद
चष्मा नसताना बराच वेळ बघितला.
"एकोणिसाव्या वर्षी
माझीबी अशीच आली असती, लेकरा."

भाचा काही बोलला नाही.
पाणी पिऊन येतो म्हणाला.

थोड्या वेळानं खिडकीतून
आंब्याचा वास आला.