टेप केलेलं गाणं

देवळालीला तोफांचा सराव असला
की आमची तावदानं थरथरायची.
अशाच एका दुपारी शरयूनं
रेडिओला टेपरेकॉर्डर चिकटवून
ते गाणं उतरवून घेतलं.

दुसऱ्या कडव्याआधी, बासरी संपता संपता,
धडाम.
मग आईचा आवाज : "शरे, दूध!"
मग चपलांची फटफट,
नि पुन्हा गाणं, जसं काही झालंच नाही.

कॅसेट शरयूबरोबर सिन्नरला गेली, तिच्या घरी.
पुढं कुठं, ठाऊक नाही.
विचारायला ती नाही.

परवा द्वारकेच्या सिग्नलला
रिक्षात तेच लागलं,
स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखं.
बासरी संपत आली तसा
मी दांडा घट्ट धरला.

तोफ आलीच नाही.

दूध उतू गेलं असणार.