उष्ट्याचं बेट

मारेम, दोरी जरा आत बांध.
काल जिथे खुंटी ठोकलीस
तिथे आता बोय मासे फिरतायत.

तू म्हणतेस, हे टेकाड हजार-दीड हजार वर्षांचं.
असेल. डाकारच्या यंत्रात राख घालून काढलं असशील.
मला मोजता येतं ते टोपलीनं:
एका ओहोटीला एक टोपली.
एका बाईच्या जन्मात किती ओहोट्या, ते तू मांड.

माझ्या आजीच्या आजीची आजी
सालुमच्या चिखलात गुडघाभर उभी राहून
अंगठ्यानं शिंपले चाचपायची.
मग उकडायचे, सोलायचे,
मांस वाळवून होडीतनं वरच्या गावांना धाडायचं
बाजरीच्या बदल्यात.
टरफलं मागे फेकायची,
कुठे पडली ते न बघता.
बेट बांधायला कुणी निघालंच नव्हतं.
उष्टं साठत गेलं.
उष्ट्यावर माती बसली, मातीत गोरखचिंच आली,
आणि सावली आहे म्हणून
माणसं आपली मेलेली माणसं तिथे आणू लागली.

परवाच्या लाटेनं एक बाई उघडी पडली.
(बाईच, तू कंबरेच्या हाडावरून सांगितलंस.)
दात सगळे शाबूत,
पुढचे दोन तेवढे खाचलेले,
जाळ्याचा दोरा दातानं तोडून तोडून.
मी ओठ मागे ओढून तुला माझे दाखवले.
तू हसली नाहीस. बरं केलंस.

इमाम म्हणाले, पुन्हा पुरा.
तू म्हणालीस, आधी मोजू द्या.
दोघांचं ठरेपर्यंत
समुद्रानं तिचा एक हात नेला.

आता एक सांगते, ते वहीत लिहायचं की नाही
तुझं तू बघ.

ज्या वर्षी पलीकडे सिमेंटची घरं उठत होती
त्या वर्षी ठेकेदार आला.
शिंपल्याच्या पोत्याला शंभर फ्रँक.
बायका भराभर निघाल्या फावडी घेऊन.
मी एकटीनं चारशे पोती भरली.
जेगानच्या होडीला इंजिन हवं होतं, दुसऱ्या हाताचं,
यामाहाचं, निळं झाकण असलेलं.
मी खणत होते ती बाजू समुद्राकडची.
तिथून होडी जवळ पडायची, एवढंच कारण.
मध्ये तिवराची मुळं आली, ती कोयत्यानं तोडली.
एकदा मडक्याचा काठ हाती लागला,
त्यावर नखानं काढल्यासारखी नक्षी.
मी तोही पोत्यात टाकला.
वजन भरत होतं.

आता बघ, पाणी कुठून आत येतंय.
बरोबर माझ्या खड्ड्यातून.
पंचांगातली मोठी भरती असली की
ते माझ्याच वाटेनं येतं,
मी ठेवायची तिथेच पाय ठेवत.

गावात सगळे म्हणतात, समुद्र वाढलाय.
वाढलाय. खोटं नाही.
दोन गोरखचिंचा डोळ्यांदेखत आडव्या झाल्या,
विहिरीचं पाणी डाळीला चालत नाही.
पण दार कुणी उघडून ठेवलं
ते कुणी विचारत नाही, आणि मी
पंचवीस वर्षं बोलले नाही.
इंजिन तिसऱ्याच पावसाळ्यात बंद पडलं.

आज वरच्या थरात तुला
प्लॅस्टिकच्या पोत्याचा तुकडा सापडला.
ब्रशनं झटकलास,
मडक्याला देतेस तसाच त्याला नंबर दिलास,
चिठ्ठीवर खोली लिहिलीस, तारीख लिहिलीस.
खाली जागा आहे अजून.
माझं नाव लिही तिथे:
याँदे सार.
मला लिहिता येत नाही, पण बरोबर लिहिलंस का
ते मी ओळखीन.

पाणी फिरलं.
खोकी आधी होडीत ने.
ती बाई मधोमध ठेव, कलंडायला नको.
मग मला हात दे.