सुटलेलं

लिलावाआधीचं प्रदर्शन बघून आम्ही बाहेर पडलो
आणि डी. एन. रोडच्या कमानीखाली
टोस्ट सँडविचची वाट बघत उभे होतो,
तेव्हा केरसीने विचारलं,
समजा, पैशाला अंतच नाही. मग कुठलं घेणार?

परुळेकर कस्टममधून निवृत्त,
लोकांच्या बॅगांतलं सोनं मोजण्यात हयात गेली.
म्हणाले, शिवरायांचा होन.
घरी नको, लॉकरमध्ये नको,
नुसता तळहातावर, एक मिनिट,
आणि नोंद करायला समोर कुणी नको.

केरसीला हवा कंपनीने मुंबईत पाडलेला पहिला रुपया.
अरे, ही अख्खी बेटं तेव्हा
वर्षाला दहा पौंडांवर भाड्याने गेली,
आणि माझा घरमालक
बाल्कनी बंद केली म्हणून कोर्टात जातो!

दर्शना गोगरी म्हणाली, जहांगीरच्या राशींच्या मोहरा,
बाराच्या बारा.
शनिवारी घेईन, सोमवारी विकीन.
अगं, पण पैशाला अंत नाही ना?
नसू दे. धंदा तो धंदा.

मुस्तनसीर चादर गुंडाळत होता, त्यावरची
व्हिक्टोरिया, पंचम जॉर्ज, सगळे एका डब्यात ओतत.
पायाखाली बोट दाखवून म्हणाला,
ही चार फूट फरशी. कागदासकट.

मग सगळे माझ्याकडे वळले.
मी म्हणालो, दहा पैसे.
ॲल्युमिनियमचं. बहात्तर सालचं.

हसले. हसणारच.

बाबा टांकसाळीत होते, बिल्ला नंबर चारशे सतरा.
पट्ट्यावरून नाणी वाहत यायची
आणि ते बिघडलेली वेचायचे:
कड तुटलेली, छाप सरकलेली,
एका अंगाने कोरी राहिलेली.
वेचलेली परत भट्टीत.
सुटताना फाटकावर झडती,
खिसे, चपला, डब्याचे तिन्ही कप्पे.
घोडपदेवला घरी आले तरी डोळ्यांची ड्युटी संपायची नाही;
आईच्या हातातलं सूप ओढून घ्यायचे,
तांदळातला खडा त्यांना आधी दिसायचा.

आणि मी हा असा.
जे फेकायचा त्यांना पगार मिळाला
ते मी हजारांनी विकत घेतो.

एकदा ट्रे उघडून त्यांच्यापुढे ठेवला होता.
चष्मा कपाळावर सारून एकेक डोळ्याशी नेलं.
सालाखाली काही नाही, म्हणजे कलकत्ता.
तारा, म्हणजे हैदराबाद.
तिकडे पट्ट्यावर बसायचं कोण?
मग ट्रे माझ्याकडे सरकवला.
हिरा असलेलं यात एकही नाही, बघ.
आमच्याकडून असलं सुटत नसे.

मला ते हवंय.
सालाखाली मुंबईचा बारका हिरा
आणि वर सिंह अर्धे काठाबाहेर गेलेले,
बाबांच्या समोरून, दिवसाउजेडी, निघून गेलेलं एक.
त्या क्षणी ते कुठे बघत होते?
आदल्या रात्री मी तापाने फणफणलो होतो, वगैरे नको.
मला त्यात ओढू नका.
खिडकीत कावळा असेल.
बंदरात भोंगा वाजला असेल.
किंवा काहीच नसेल,
उगाच मान वर झाली असेल, सरकारी वेळेत,
आणि तेवढ्यात ते गेलं असेल
पोत्यात, बँकेत, कुणाच्या तरी
गोळी-बिस्किटाच्या बदल्यात.
एवढ्या वर्षांत तेवढं एक,
बाबांच्या बेसावधपणाचं.

हे सगळं मी बोललो नाही.
दहा पैसे, हिरा, छाप सरकलेली, एवढंच सांगितलं.

सँडविच आलं. चटणी सांडली परुळेकरांच्या कॅटलॉगवर,
नेमकी होनाच्या फोटोवर, आणि त्यांनी
ती बोटाने टिपून चाटली.

मुस्तनसीर डब्याला दोरी बांधत म्हणाला,
नळबाजारच्या गाळ्यात दहा पैशांची
दोन पोती पडलीत, बापाच्या वेळची.
निवडलेली नाहीत.
रविवारी ये. किलोवर देईन.
भिंग तुझं तू आण.